अरे-तुरेची उंची

माझ्या हातून आयुष्यात ज्या चुका झाल्या, त्यांतल्या बहुतेक मी बसल्या जागी केल्या. एकच चूक अशी, की ती करण्यासाठी मला हजार मीटर चढावं लागलं, एक बूट गमवावा लागला आणि माझी चांगली टोपी एका गायीच्या पोटात गेली. हा किस्सा मी पाहुण्यांना हसत हसत सांगायला घेतो. बुर्गीचं म्हणणं असं, की शेवटाजवळ आलो की मी गप्प होतो आणि पाहुण्यांना वाटतं, आता निघावं. बुर्गी माझी बायको. तिचं काय म्हणणं आहे, ते ती मला चव्वेचाळीस वर्षं सांगत आली आहे.

प्रश्न होता शेजाऱ्याला 'अरे' म्हणण्याचा.

इन्सब्रुकमधल्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या समोरच्या दारात होफ्राट ओट्टोकार झांगर्ले राहायचे. होफ्राट म्हणजे राजदरबाराचा सल्लागार. राजाला जाऊन शंभर वर्षं झाली, दरबारही उठला, पण सल्लागार नेमणं काही आमच्या सरकारनं थांबवलेलं नाही. झांगर्ले भूमापन खात्यात होते. उभा जन्म त्यांनी डोंगरांच्या उंच्या मोजण्यात घालवला. मी प्राथमिक शाळेचा डायरेक्टर. चाळीस वर्षं पोरांना 'अरे गाढवा' म्हणून झाल्यावर निवृत्त झालो. तेवीस वर्षं आम्ही दर गुरुवारी बुद्धिबळ खेळलो, आणि तेवीस वर्षं मी म्हणत आलो, "होफ्राटसाहेब, आपला वजीर मारतो, माफ करा," आणि ते म्हणत आले, "अवश्य मारा, डायरेक्टरसाहेब."

आता, 'अहो'वरून 'अरे'वर कधी यायचं याला आमच्याकडे कायदा नाही, पण कायद्याहून कडक असा शिष्टाचार आहे. थोरानं सुरुवात करायची, धाकट्यानं मान तुकवायची, मग हातात हात अडकवून दोघांनी एकेक पेला श्नॅप्स प्यायचा, की झालं. पण थोर कोण? वयानं मी मोठा. पुरे अकरा दिवसांनी. मी तीन मार्चचा, ते चौदाचे. मानानं मात्र ते माझ्या किती पायऱ्या वर, हे मोजायला त्यांच्याच खात्याची यंत्रं लागली असती. म्हणजे मी सुरुवात केली तर डायरेक्टरानं होफ्राटाशी आगाऊपणा केला असं होणार, आणि त्यांनी केली तर वडीलधाऱ्या माणसाचा मान राखला नाही असं होणार. दोघंही सभ्य. त्यामुळे दोघंही थांबलो.

बायकांचं असं काही झालं नाही. त्यांची रोझालिन्ड आणि माझी बुर्गी ओळख झाल्यापासून तिसऱ्या दिवशी केकच्या एका साच्यावरून अगं-तुगंवर आल्या होत्या. बुर्गी साचा मागायला गेली आणि दोन तासांनी परत आली, साच्याशिवाय.

मग रोझालिन्ड गेली. दफनाच्या दिवशी जिन्यात तो माणूस भिंतीला टेकून रडत होता आणि मी त्याच्यासमोर ताठ उभा राहून म्हणालो, "होफ्राटसाहेब, माझ्या सहवेदनांचा स्वीकार व्हावा." त्यांनी स्वीकार केला. डोळे पुसून "आभारी आहे" म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला मला एक साधं 'अरे' हवं होतं आणि माझ्याकडे ते नव्हतं. याची लाज मला अजून वाटते.

त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्टमधल्या एका गुरुवारी, त्यांनी पटावरून नजर न उचलता सांगितलं की पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारी ते कायमचे ग्राझला मुलीकडे जाणार. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघा धड नाही, एकटा माणूस. इर्मगार्डनं खोलीही तयार ठेवली होती. मी म्हणालो, "आनंदाची गोष्ट आहे, होफ्राटसाहेब." आणि तो डाव हरलो.

घरी येऊन बुर्गीला सांगितलं.

"मग दार वाजव आणि सांग," ती म्हणाली. "मी गेब्हार्ड, तू ओट्टोकार. संपलं."

"असं करता येत नाही."

"का?"

"ते होफ्राट आहेत."

"आणि तू गाढव आहेस," बुर्गी म्हणाली. या पदवीला आमच्या घरात वयाची वा शिक्षणाची अट नाही.

मार्ग मला दाढी करताना सुचला. आमच्या डोंगरांत एक रिवाज आहे: ठरावीक उंचीच्या वर गेलं की अहो-जाहो आपोआप संपतं. तिथे मंत्री असो की गवळी, सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. कोणी सुरुवात करायची नसते, कोणी मान तुकवायची नसते. उंचीच सगळं करते. म्हणजे मला फक्त होफ्राटसाहेबांना उचलून त्या उंचीच्या वर नेऊन ठेवायचं होतं. क्रुमझे नावाचा तलाव मी निवडला. मार्गदर्शिकेत लिहिलं होतं, 'सुमारे दोन हजार मीटर. चढ दमवणारा, पाय ज्यांचे शाबूत त्यांनीच जावे.' एका दिवसात जाऊन येता येतं.

प्रश्न एवढाच उरला, की ठरावीक उंची म्हणजे नेमकी किती? तरुणपणी वीस वर्षं मुलांना डोंगरात नेलं, पण मुलांशी माझं अरे-तुरे तळमजल्यावरच होतं, त्यामुळे कधी चौकशी केली नव्हती. आमच्या इमारतीची देखभाल पाहणाऱ्या प्लाटनरबाई म्हणाल्या, "हजार! त्यात विचारायचं काय? हजारावर माझ्या सासऱ्यांनी बिशपना अरे म्हटलं होतं." न्हावी म्हणाला दीड हजार, आणि माझा कान हातात धरून म्हणाला, त्यामुळे मी वाद घातला नाही. शेवटी मी गिर्यारोहण संघाच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं नियमावली पहिल्या पानापासून चाळली.

"झोपडीत रात्री गप्प बसण्याची वेळ आहे. कुत्र्यांबद्दल आहे. अरे-तुरेबद्दल तरतूद नाही," तो म्हणाला. "लेखी अर्ज द्या. कार्यकारिणी ऑक्टोबरात बसते."

"माझे शेजारी पुढच्या सोमवारी चाललेत."

"मग तातडीचा अर्ज द्या. तातडीचे अर्ज सप्टेंबरअखेर घेतो. ज्यांना अरे म्हणायचं आहे, त्यांची संमती सोबत जोडा."

"संमती मागता आली असती तर मी इथे कशाला आलो असतो?"

"मग तुमचा अर्ज अपूर्ण राहतो," तो सहानुभूतीनं म्हणाला.

मी प्लाटनरबाईंचा आकडा धरला. एक तर तो सगळ्यांत सोपा होता, आणि बिशपचा दाखला होता.

आमंत्रण मी जिन्यात दिलं. "होफ्राटसाहेब, शनिवारी क्रुमझेला जाण्याचा माझा विचार आहे. आपण सोबत आलात तर मला सन्मान वाटेल." ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. "क्रुमझे?" म्हणाले. "क्रुमझेच का?" मी म्हटलं, मार्गदर्शिकेत चांगलं लिहिलंय. संध्याकाळी दाराखालून चिठ्ठी आली: आमंत्रणाचा साभार स्वीकार आहे, हवामानाच्या अधीन राहून येईन, गुडघ्याच्या संदर्भात कोणतीही हमी देता येत नाही. खाली पूर्ण सही.

शनिवारी सकाळच्या पहिल्या बसनं आम्ही ओबरग्रीसला उतरलो. माझ्या पायांत बावीस वर्षं माळ्यावर नीट तेल लावून जपलेले बूट. होफ्राटसाहेबांच्या गळ्यात टाय. डोंगरात टाय लावणारा मला माहीत असलेला तो शेवटचा माणूस. बसथांब्यावरच त्यांनी पिशवीतून पितळी उंचीमापक काढलं, थांब्याची उंची नऊशे बासष्ट अशी लावून घेतली, आणि मला मनात गुदगुल्या झाल्या. म्हणजे हजार कधी आले यात वादच राहणार नव्हता. माझ्या खिशात श्नॅप्सची चपटी बाटली आणि दोन चिमुकले पेले होते. बुर्गीनं ते रुमालात गुंडाळून दिले होते आणि बजावलं होतं, "रिकामी बाटली परत आण."

हजार मीटरवर गुरांचं फाटक आहे आणि फाटकावर पाटीही आहे. मी फाटकाला हात लावून थांबलो. छाती भरून घेतली. त्यांच्याकडे पाहून हसलो आणि वाट पाहिली.

होफ्राटसाहेबांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. "डायरेक्टरसाहेब, एवढ्यातच दम लागला? बसा जरा. आत्ता कुठे अडतीस मीटर झालेत."

मी खचलो. तेवीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ती उंची आली आणि त्या माणसानं ओलांडली, तीही मला 'बसा' म्हणत! त्याला नको असेल, असा एक विचार पहिल्यांदाच माझ्या मनात आला आणि पुढचा तासभर तो पायातल्या खड्यासारखा टोचत राहिला. आता 'अहो' म्हणावं तर रिवाज मोडतो, 'अरे' म्हणावं तर लादल्यासारखं होतं. मग मी एक तिसरंच व्याकरण काढलं.

"पाणी प्यायचं का?" मी विचारलं. "इथे बसायला हरकत नसावी. पाव खाल्ला जाईल का?"

होफ्राटसाहेब सरकारी माणूस. त्यांना यात काहीच वावगं वाटलं नाही. "पाव खाण्यात येईल," ते म्हणाले. "स्पेक असल्यास त्याचाही विचार करण्यात येईल."

स्पेक, म्हणजे धुरावर सुकवलेलं डुकराचं मांस, होतं. आम्ही कुरणात बसून ते सुरीनं पातळ कापत होतो, तेवढ्यात मागून एक गाय आली आणि तिनं माझ्या डोक्यावरची गवती टोपी उचलली. मी उठून ओढायला लागलो. गायही ओढायला लागली. मी शाळेचा डायरेक्टर होतो, हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण माझ्या आवाजावरून तरी कळायला हवं होतं. "अगं, सोड! सोड म्हणतो ना!" असं मी तिला दोनदा सुनावलं आणि मग लक्षात आलं, की आज दिवसभरात मी जिला 'अगं' म्हणालो ती हीच. होफ्राटसाहेबांनी जमिनीवरून उरलेली रिबन उचलून अदबीनं माझ्या हातात दिली.

बाराशेवर उजव्या बुटाचा तळ सुटला. तळ सुटला म्हणजे फाटला नाही, बुटाचा राजीनामा देऊन मागे राहिला. बूट जपून ठेवले की तळ आतल्या आत कुजतो, हे मला नंतर चांभारानं सांगितलं, आणि वर म्हणाला की वापरले असते तर टिकले असते. होफ्राटसाहेबांनी गळ्यातला टाय सोडला, गुडघा दुखत असताना माझ्यासमोर खाली बसले आणि तळ टायनं बुटाला आवळून बांधला. रेशमी टाय होता, गडद निळा. रोझालिन्डनं दिलेला, हे मला ठाऊक होतं. मी "अहो, हे काय, अहो" एवढंच म्हणत राहिलो आणि माझं तिसरं व्याकरण तिथेच मोडलं.

पुढे वळणावर एक तरणी मुलगी खालून धावत आली. हो, धावत. तिनं माझा पाय पाहिला आणि थांबली.

"सर्व्हस! अरे, तुझ्या बुटाला टाय का बांधलाय?"

मला इतका आनंद झाला, की मी ओरडलोच, "अगं, तळ सुटला!"

"आणि टाय तुझा वाटतं?" तिनं होफ्राटसाहेबांना विचारलं.

"माझाच आहे, बाईसाहेब," ते उंचीमापक पाहून म्हणाले. "परंतु आपण चौदाशे वीसवर आहोत. 'तू'ला अजून पाचशे ऐंशी मीटर अवकाश आहे."

"बरं बाबा! वर भेटल्यावर पुन्हा विचारते," असं म्हणून ती हसत पळाली.

मी जागच्या जागी थांबलो. "पाचशे ऐंशी?" मी विचारलं.

"दोन हजारांवर," होफ्राटसाहेब म्हणाले. "आमच्या खात्यात तीच हद्द होती. हजारावर तर लोकांची घरं आहेत, डायरेक्टरसाहेब. पोस्टमन येतो. तिथे कसलं अरे-तुरे?"

म्हणजे त्यांना नको नव्हतं! ते फक्त दोन हजारांची वाट पाहत होते! माझ्या अंगात असं बळ आलं, की पुढचे दोन तास मी एका तळावर आणि एका टायवर चढलो. झाडं संपली, दगड सुरू झाले, एका ओढ्यात मी गुडघ्यापर्यंत गेलो, पायांत गोळे आले, आणि मी मनातल्या मनात शब्द घोकत होतो: ओट्टोकार, तू दमलास का? ओट्टोकार, तुला आणखी एक पेला?

तलाव दिसला तेव्हा दीड वाजला होता. काळसर हिरवं पाणी, पलीकडच्या काठाला मळका बर्फ, आणि आमच्या काठाला ती मुलगी पाण्यात पाय सोडून बसलेली. मी होफ्राटसाहेबांच्या खांद्यावरून उंचीमापकात डोकावलो. काटा दोन हजार अकरावर होता.

"दोन हजार अकरा!" मी खिशात बाटलीला हात घातला.

"नाही," ते म्हणाले.

"नाही कसं? काटा दाखवतोय ना."

"हवेचा दाब उतरतो आहे. दाब उतरला की हे यंत्र चढीव आकडा दाखवतं. वादळ येणार, डायरेक्टरसाहेब." त्यांनी यंत्र मिटलं. "क्रुमझे एकोणीसशे अठ्ठ्याण्णव आहे. आकडा माझा आहे. एकतीस वर्षांचा होतो, बारा दिवस इथे तंबूत राहून काढलाय."

मार्गदर्शिकेतला 'सुमारे' हा शब्द मला तेव्हा दिसला. ज्यानं तो लिहिला, तो माझ्या शाळेत असता तर मी त्याला शंभर वेळा लिहायला लावला असता.

"पण त्याला सदतीस वर्षं झाली," मी म्हणालो. "डोंगर वाढतात म्हणे."

"वर्षाला एक मिलिमीटर. दोन मीटर वाढायला दोन हजार वर्षं लागतील."

"माझी थांबायची तयारी आहे."

"मला सोमवारी निघायचंय," होफ्राटसाहेब म्हणाले. मग पाण्याकडे पाहत, माझ्याकडे मुळीच न पाहता, त्यांनी काठावरच्या एका मोठ्या दगडाकडे बोट केलं. "त्या दगडाच्या माथ्यावर मी खुणेचा खिळा ठोकलेला आहे. दोन हजार पूर्णांक सहा दशांश. वर दोन माणसं बसू शकतात."

आणि माझं काही ऐकून न घेता तो अडुसष्ट वर्षांचा माणूस, दुखऱ्या गुडघ्यासकट, चारी हातापायांनी दगडावर चढायला लागला. पोट घासत, धापा टाकत, एकदा घसरून, पण चढला. वर पोचल्यावर त्यांनी खिळा हातानं चाचपला आणि त्याच्यावर थोपटलं.

मी मागोमाग निघालो. डावा पाय ठेवला. उजवा, टायचा, ठेवला. रेशीम ओल्या दगडावर जसं वागेल तसं वागलं. मी घसरत खाली आलो, बसलो तो पाण्यातच, आणि बसताना पाठीमागे विजारीची शिवण कंबरेपर्यंत उसवली. तिचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला.

"अरे, जपून!" ती मुलगी हसता हसता ओरडली. "मागून सगळं दिसतंय!"

आणि वरून आणखी एक हसणं आलं. होफ्राटसाहेब हसत होते. सहा वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ते खिळ्यापाशी पालथे पडून, माझ्याकडे हात लांबवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते, आणि म्हणाले, "अरे गेब्हार्ड! दे, हात दे! ये ना वर, म्हाताऱ्या!"

हे ऐकण्यासाठीच मी आलो होतो. तेवीस वर्षांनी, टोपी देऊन, बूट देऊन, मला ते मिळालं होतं. मी फक्त हात वर करायचा होता.

पण मी थंड पाण्यात बसलो होतो. एक पोरगी माझ्या फाटक्या विजारीला हसत होती, आणि तोही तिच्याबरोबर हसतोय एवढंच मला ऐकू आलं. मी उठलो. मागे हात धरून जमेल तेवढा ताठ उभा राहिलो, आणि पालकसभेत बोलायचो त्या आवाजात म्हणालो, "होफ्राटसाहेब, आपण खाली यावं. हवा बिघडते आहे. आणि आपल्या माहितीसाठी सांगतो, वयानं मी मोठा आहे. सुरुवात मी करायची असते."

त्यांचं हसू एकदम नाही गेलं. चेहऱ्यावर ते थोडा वेळ तसंच राहिलं, काय करायचं ते न कळल्यासारखं. मग त्यांनी लांबवलेला हात मागे घेतला.

"बरोबर आहे, डायरेक्टरसाहेब," ते म्हणाले. "माझी चूक झाली. माफ करा."

तेवढ्यात पहिला गडगडाट झाला. मी "नाही नाही, तसं नाही" असं काहीतरी म्हणालो असेन, पण वाऱ्यात ते कोणाला ऐकू गेलं नाही. मुलीनं पाय पुसले, आम्हा दोघांना "अरे, पळा आता!" म्हणाली आणि पळाली. आम्ही पळू शकत नव्हतो.

गारांचा मार डोक्यावर घेत उतरलो. मला टोपी नव्हती. पंधराशेच्या खाली त्यांनी आपली टोपी मला देऊ केली, "आपण घाला" म्हणून, आणि मी "छे, आपणच" म्हणून नाकारली, म्हणून ती त्यांच्या हातातच भिजत राहिली. दर वळणावर मी ठरवत होतो, आता म्हणायचं. हजाराचं फाटक आलं. प्लाटनरबाईंच्या हिशेबानं अजून वेळ होती. मी फाटक उघडून धरलं, ते "धन्यवाद" म्हणून गेले, मी फाटक लावलं. बसमध्ये त्यांना झोप लागली आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. इन्सब्रुकपर्यंत मी खांदा हलवला नाही. उतरायच्या आधी ते जागे झाले, म्हणाले, "क्षमा असावी."

घरी बुर्गीनं माझी विजार पाहिली, बूट पाहिला आणि मग खिशातली बाटली काढून उजेडात धरली. भरलेली होती. ती मला गाढव म्हणाली नाही. तेव्हा मला कळलं, की प्रकरण खरंच गंभीर आहे.

रविवारी मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. आत खोकी सरकवण्याचे आवाज येत होते. एकदा बेलवर बोटही ठेवलं, पण दाबलं नाही. सोमवारी सामानाची गाडी आली. दिवाणखान्यातलं घड्याळ मी स्वतः तीन मजले उतरवलं. हस्तांदोलन झालं. "प्रवास सुखाचा होवो, होफ्राटसाहेब." "आपलीही प्रकृती चांगली राहो, डायरेक्टरसाहेब." टाय धुऊन, इस्त्री करून बुर्गीनं त्यांच्या हातात दिला, आणि त्यांना सरळ मिठी मारून ती रडली. मी बाजूला उभा राहून गाडीचा नंबर वाचत होतो.

मग टपालानं बुद्धिबळ सुरू झालं. 'सन्माननीय डायरेक्टरसाहेब, माझा उंट...' असं महिन्यातून एकदा यायचं. मी उत्तराचे कच्चे खर्डे करायचो: 'प्रिय ओट्टोकार, त्या दिवशी पाण्यात बसून मी जे बोललो ते...' आणि मग फाडून 'सन्माननीय होफ्राटसाहेब, माझा घोडा...' असं लिहून टाकायचो. दुसऱ्या वर्षी त्यांची एकच खेळी दोनदा आली. मग उंट सरळ चालायला लागला. मी हरकत घेतली नाही. माझा घोडाही मी तसाच चालवला. मग पत्रावर इर्मगार्डचं अक्षर आलं, आणि गेल्या वसंतात नुसताच टेलिफोनचा नंबर.

मी फोन केला.

"आधीच सांगते," इर्मगार्ड म्हणाली, "बाबांना आता फारसं कोणी ओळखू येत नाही. आणि ते सगळ्यांनाच अरे-तुरे करतात. डॉक्टरांना, पाद्रीबुवांना, सगळ्यांना. तुम्ही मनावर घेऊ नका हं, डायरेक्टरकाका."

"नाही घेणार," मी म्हणालो.

फोन हातातून हातात गेला. श्वास ऐकू आला.

"कोण रे?"

"मी गेब्हार्ड," मी म्हणालो, आणि माझ्या जेवणाच्या टेबलाशी, दारामागे बुर्गी उभी असताना, मी ते म्हटलं. "तू कसा आहेस, ओट्टोकार?"

"मजेत रे. तू कुठून बोलतोस?"

"इन्सब्रुकहून."

"इन्सब्रुकला माझा एक मित्र आहे," तो म्हणाला. "समोरच्याच दारात. शाळेचा डायरेक्टर. फार चांगला माणूस, जरा ताठ आहे एवढंच. एकदा मी त्याला नावानं हाक मारली आणि त्याला वाईट वाटलं."

"त्याला वाईट नाही वाटलं रे."

"वाटलं. मी पाहिलं ना. तुला कधी भेटला तर सांग त्याला, झांगर्लेनं माफी मागितलीय. सांगशील?"

"सांगतो," मी म्हणालो.

"पण नीट अहो-जाहो करून सांग हं," तो म्हणाला. "त्याला तेच आवडतं."